तिसऱ्या नंबरची कॅसेट

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या काही संगीतप्रेमी मंडळींनी एक कार्यक्रम केला. 'नव्वदच्या दशकातले सोलापूरकरांचे आवडते अल्बम' असं त्याला नाव दिलं होतं. मला पहिल्या रांगेत बसवलं, शाल घातली, नारळ दिला. निवेदन करणाऱ्या मुलीने माझ्याकडे हात करून सांगितलं, "दशक संपताना अण्णांच्या दुकानात ग्राहकांचं मतदान झालं होतं. त्यात पहिला आलेला अल्बम होता 'नीली खिडकी'." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

ती माहिती चुकीची आहे. निकाल मीच जाहीर केला होता आणि तो खोटा होता. पहिला नंबर दुसऱ्याच कॅसेटचा होता, आणि ती कॅसेट गाणारी बाई याच शहरात राहते. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कॅसेटच्या दुकानातल्या गमतीजमती मागितल्या. त्या सांगतो, पण हा निकाल दुरुस्त करायचा म्हणून लिहायला बसलो आहे.

आजच्या मुलांच्या हातात कॅसेट दिली तर ती उलटीसुलटी करून विचारतात, यात गाणं कुठे असतं? गाणं असतं एका तपकिरी फितीवर. करंगळीच्या नखापेक्षाही अरुंद फीत, दोन चाकांवर गुंडाळलेली. एक बाजू संपली की कॅसेट काढून उलटी घालायची, की दुसरी बाजू सुरू. आमचा धंदा तीन प्रकारचा. कंपन्यांच्या तयार कॅसेट विकायच्या. गिऱ्हाइकाने सांगितलेली गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायची. हे कायद्यात बसत नव्हतं, आणि ते आम्हाला माहीत नव्हतं असंही नाही. तिसरं काम दुरुस्तीचं.

भरून देण्याच्या कामात माणसं कळत. टेंभुर्णीचा एक ट्रकवाला यायचा. त्याला नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर दोन्ही बाजूंना एकच गाणं पुन्हापुन्हा भरून हवं होतं.

मी म्हटलं, "कंटाळा येईल हो."

"अण्णा, रस्ता पण एकच हाय की," तो म्हणाला.

दुरुस्तीत मात्र त्या माणसांची घरं कळत. टेपरेकॉर्डर फीत गिळायचा आणि लोक ती बाहेर ओढून, शेवयांच्या गुंत्यासारखी पिशवीत घालून घेऊन यायचे. मी खराब झालेला तुकडा कापून टाकायचो आणि दोन टोकं जोडायचो. त्यात गाण्यातला एखादा शब्द, कधी अख्खी ओळ जायची. गिऱ्हाईक मग ते गाणं जन्मभर तसंच म्हणायचं. एका गृहस्थांनी पुढे कधीतरी मूळ गाणं रेडिओवर ऐकलं आणि मला येऊन सांगितलं, की रेडिओवाले त्यात एक ओळ जास्तीची म्हणतात.

कुठली कॅसेट किती विकली यावरून लोकांना काय आवडतं हे कळत नाही. विकलं जातं ते पोस्टरमुळे, सिनेमामुळे, शेजाऱ्याने घेतली म्हणून. आवडती कॅसेट ती, जी पुन्हापुन्हा दुरुस्तीला येते. फितीच्या मागे लोकरीचा एक बारीक तुकडा चिकटवलेला असतो. फीत झिजते, तसा तो तुकडाही झिजून गळून पडतो. मग आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. तो तुकडा मी ज्या कॅसेटमध्ये सर्वांत जास्त वेळा बसवला, तिचं नाव 'सुपातली गाणी'.

गाणारी बाई नागमणी. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. नवरा यंत्रमागावर, आणि ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू, आणि हात चालू असताना गाणं. एका बँडमास्तरांनी तिचं गाणं ऐकलं आणि आपल्या खोलीत कॅसेट भरून घेतली. मराठी गाणी, शेवटी एक तेलुगू. पेटी, ढोलकी आणि एक बासरी, बाकी काही नाही. ती स्वतः कापडी पिशवीत कॅसेट घालून माझ्या दुकानात आली होती.

"अण्णा, थोड्या ठेवून घेता का? नाही खपल्या तर परत नेते."

मी ठेवून घेतल्या, त्याही खालच्या फळीवर. वर्षभरात त्या दुरुस्तीला येऊ लागल्या. स्क्रू काढून कॅसेट उघडली की आतून तंबाखूची भुकटी पडायची. ती विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरची. काहींत सुताचं तूस निघायचं, ती मागावरच्या माणसांची. झीज मात्र सगळ्यांत एकाच जागी असायची, दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला. तिथे एक पाळणा होता. पुन्हा मुलगीच झाली म्हणून कोणी बघायलाही आलेलं नाही, अशी बाळंतीण तान्ह्या मुलीशी बोलते, असं गाणं. बायका ते संपलं की कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फीत मागे फिरवायच्या आणि पुन्हा लावायच्या. मी स्वतः ते किती वेळा ऐकलं याला गणती नाही. दुरुस्ती झाली की तपासायला म्हणून लावायचो आणि पूर्ण ऐकायचो.

दशक संपत आलं तेव्हा मतदानाची कल्पना माझीच. दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी व्हावी, एवढाच हेतू. पण चिठ्ठ्या घ्याव्यात तर माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं ते चार वेगवेगळ्या लिप्यांत लिहिणार. म्हणून फळीवर कॅसेट मांडल्या आणि प्रत्येकीपुढे लोणच्याची एकेक चिनी मातीची बरणी ठेवली. काचेच्या बरण्या मुद्दाम घेतल्या नाहीत, कारण एक भरलेली दिसली की लोक तिच्यातच टाकतात. झाकणांऐवजी वर पुठ्ठे बांधले आणि त्यांना भोक पाडलं. आलेल्या प्रत्येकाला एक चिंचोका द्यायचा, तो त्याने आवडत्या कॅसेटच्या बरणीत टाकायचा. लोकांना याची इतकी मजा वाटली की वळसंगचे एक काका बाजाराला आले की नुसते चिंचोका टाकायला दुकानात यायचे. त्यांना सांगावं लागायचं, "काका, तुमचं झालंय." ते म्हणायचे, "मागच्या येळी मन लागलं न्हवतं बघा."

पुण्याचे वितरक कोठारीशेठ यांच्या कानावर ही गोष्ट गेली. कंपन्यांचा सगळा नवा माल त्यांच्याकडून यायचा. त्यांनी जाहीर केलं की पहिल्या दोन नंबरांच्या कॅसेट ते आपल्या सगळ्या जिल्ह्यांत पाठवतील. मला आनंद झाला. 'सुपातली गाणी' सोलापूरच्या बाहेर कधी गेली नव्हती. बँडमास्तरांनी नागमणीच्या दुसऱ्या कॅसेटची तयारीही केली होती. ते म्हणाले होते, पहिल्या दोनांत आलो तर ही भरायची, नाहीतर माझ्यात दम नाही.

निकालाच्या आदल्या दिवशी कोठारीशेठचा फोन आला. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "'नीली खिडकी' वर दिसली पाहिजे हं. मुंबईच्या कंपनीवाल्यांना मी शब्द देऊन बसलोय."

"लोक टाकतील तसं होईल, शेठ."

"होईल की. मी कुठे नाही म्हणतोय? दिवाळीनंतर पहिला खोका सोलापुरात कुणाकडे उतरवायचा, ते ठरवायचंय मला. तुमचं नाव मनात आहे."

पहिला खोका म्हणजे काय ते सांगायला हवं. नव्या सिनेमाची कॅसेट ज्याच्या दुकानात आधी येई, त्याच्या दारात दोन दिवस रांग लागे. तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांकडे मिळे आणि रांग संपे. सोलापुरात पहिला खोका नेहमी माझ्या समोरच्या दुकानात उतरायचा. मी इतकी वर्षं आपल्या काउंटरवर बसून समोरची रांग बघत होतो.

दुपारी जेवणासाठी दुकान बंद केलं आणि शटर आतून ओढून घेतलं. पुठ्ठे सोडून बघितलं. 'सुपातली गाणी'ची बरणी गळ्यापर्यंत भरली होती. 'नीली खिडकी'ची अर्ध्याच्या थोडी वर होती. तिसरी एक भक्तिगीतांची होती, ती साधारण अर्धी. मी ठरवलं, पहिल्या दोन नंबरांची अदलाबदल होईल एवढेच ओतायचे. तिला दुसरा नंबर मिळेल, तिची कॅसेट बाहेर जाईल, शेठचा शब्द राहील. कुणाचं फार वाईट होत नाही, असा हिशेब मी मनात मांडला होता.

चिंचोके ओतताना फार आवाज होतो. म्हणून मी बरणीच्या तोंडाशी टॉवेल धरला आणि त्यावरून ओतू लागलो. तेवढ्यात कुणीतरी शटर वाजवलं. मी दचकलो, बरणी एकदम कलली आणि पाहिजे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त चिंचोके पलीकडे गेले. परत काढायला वेळ नव्हता. मी पुठ्ठे बांधले आणि शटर वर केलं.

बाहेर माझी बायको सुमन डबा घेऊन उभी होती. तिने काउंटरवरचा टॉवेल बघितला. टॉवेलवर चिंचोक्यांची टरफलं होती. तिने टॉवेल झटकला, घडी घातली आणि म्हणाली, "जेवून घ्या. भाकरी गार होतीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन गिऱ्हाइकांना पंच म्हणून बसवून चिंचोके मोजले. 'नीली खिडकी' पहिली, भक्तिगीतं दुसरी, 'सुपातली गाणी' तिसरी. स्थानिक पेपरात दोन ओळी छापून आल्या. त्याच ओळी वाचून गेल्या हिवाळ्यात त्या मुलीने निवेदन केलं.

त्याच संध्याकाळी एक बाई दुकानात आली. नागमणीची नणंद, नाव पद्मा. तिच्या शेजारच्याच गल्लीत राहायची. हातात पिशवी, अंगाला तंबाखूचा वास. विड्या कारखान्यात देऊन थेट आली असावी.

"अण्णा, आमच्या दोन्ही गल्ल्यांतल्या बाया येऊन गेल्या की. मीच घेऊन आले होते. त्यांचे चिंचोके कुठं गेले?"

"मत गुप्त असतं, बाई. कुणी कुठं टाकलं ते मला काय ठाऊक?"

"बरणीत टाकताना मी बघत होते की."

"मग बाकीच्या लोकांनी दुसरीकडे टाकले असतील."

तिने फळीकडे बघितलं. बरण्या अजून तिथेच होत्या, रिकाम्या. "असंल," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, भावजयीसाठी भांडायला आली होती. चांगली नणंद आहे, असंही मनात आलं.

दुसरी कॅसेट भरली गेली नाही. पहिला खोका माझ्याकडे उतरू लागला. दारात रांगा लागल्या, आणि समोरचे दुकानदार माझी रांग बघू लागले. हे सुख दोन-तीन दिवाळ्या टिकलं. मग सीडी आली, मग एका तबकडीवर शेकडो गाणी मिळू लागली, आणि पहिल्या खोक्याचा अर्थच संपला. आज त्या जागेत मोबाइलची कव्हरं मिळतात. भाडं वेळेवर येतं.

दुकान बंद केल्यावर मी उरलेल्या कॅसेट वाटून टाकल्या. 'सुपातली गाणी' ठेवून घेतली, पण लावली कधी नाही. नागमणी एखाद्या लग्नात, बाजारात दिसायची. "बरं हाय का अण्णा?" म्हणून विचारायची. मी घाईत असल्यासारखा निघून जायचो. मग भेटणंही कमी झालं.

कार्यक्रमाहून घरी आलो, शाल खुर्चीवर टाकली. सुमनने विचारलं, "काय म्हणाले?"

"तेच. पहिला नंबर 'नीली खिडकी'."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

ती शाल घडी करत म्हणाली, "त्या दिवशी टॉवेल मी झटकला. मलाही बोलता आलं असतं. माझ्या वाटणीचं मी बघते. तुमच्या वाटणीचं सांगायला तिच्याकडे जा. ती आहे तोवर जा."

मला जायला संक्रांत उलटली. जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त केला, कॅसेटमध्ये लोकरीचा नवा तुकडा बसवला आणि पूर्व भागात तिच्या घरी गेलो. नागमणी आता म्हातारी झाली आहे. बोटं वाकडी झाली म्हणून विड्या सोडल्या. मला बघून तिला नवल वाटलं. चहा ठेवला. चहा येण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं. फोन, बरण्या, टॉवेल, चुकून जास्त पडलेले चिंचोके, सगळं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पहिली आमचीच होती."

"हो."

"पद्मा म्हणायची. मरेपर्यंत म्हणत होती. मी तिला वेड्यात काढायचे. म्हणायचे, अण्णा तसलं करायचे नाहीत."

मला खाली बघावं लागलं. तिने चहा गाळला, कप पुढे सरकवला. टेपरेकॉर्डरकडे बघून म्हणाली, "आणलाय तर लावा की."

मी दुसरी बाजू लावली. पाळणा सुरू झाला. ती भिंतीला टेकून ऐकत होती. कडवं संपल्यावर म्हणाली, "हे कोण गातंय?"

मला वाटलं, वय झालं. म्हटलं, "तुम्हीच."

"अण्णा, एवढी वर्षं कॅसेटी उघडून बसलात. नीट ऐका."

मी कॅसेट उलटी घालून पहिल्या बाजूचं एक गाणं लावलं, मग पुन्हा पाळणा लावला. आवाज वेगळा होता. थोडा खालचा, थोडा खरखरीत, आणि ओळीच्या शेवटी न थरथरणारा. एकदा कळल्यावर लहान मुलालाही ओळखता आला असता. मी स्वतःला कानाचा पक्का समजत आलो होतो.

"त्या दिवशी माझा घसा बसलेला," नागमणी म्हणाली. "बाकी सगळी गाणी आदल्या दिवशी झाली होती, हे एकच उरलेलं. पद्मा माझं पोर सांभाळायला बरोबर आली होती. मास्तर म्हणाले, तुला येतं का? तिने उभ्या उभ्या म्हटलं. एकदाच. तेच हे."

"मग नाव का नाही घातलं?"

"तिच्या नवऱ्याने सांगितलं, पोस्टरवर नाव लागलं तर घरात पाय ठेवायचा नाही. मग ती म्हणाली, वहिनी, तुमच्या नावावर जाऊ दे." नागमणीने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "गाव मला त्या गाण्यानेच ओळखतं. हळदीकुंकवाला गेले की बाया म्हणायच्या, तो पाळणा म्हणा. मी घसा दुखतोय म्हणून सांगायचे. तुम्ही एक खोटं घेऊन आलात, माझ्याकडे एक होतंच."

मी म्हटलं, "म्हणजे नंबर आला असता तरी तुम्हाला जड गेलं असतं."

ती ताठ बसली. "जड गेलं असतं, पण तिला कळलं असतं ना. आपण म्हटलेलं गावात पहिलं आलं, हे तिला नक्की कळलं असतं. नाव नसलं तरी. तेवढं तुम्ही घेतलंत."

मी एवढंच म्हणालो की मला हे दिवाळी अंकात लिहायचं आहे, तिच्या आणि पद्माच्या नावासकट.

"माझं लिहा. तिचं माझ्या हातात नाही. तिच्या मुलाला विचारावं लागंल."

मुलगा श्रीनिवास, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. नागमणीने तिथल्या तिथे फोन लावला. आई कधी गात होती हे त्याला माहीतच नव्हतं.

"मामी, काहीतरी घोटाळा हाय. आई कुटं गायची?"

नागमणीने फोन टेपरेकॉर्डरपुढे धरला. पाळणा सुरू झाला. पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता, तो हळूहळू कमी झाला. तो चालत बाहेर आला असावा. गाणं संपल्यावर नागमणीने फोन कानाला लावला.

"ऐकतोयस का रे?"

"व्हय मामी."

"नाव छापायचं म्हणतात अण्णा."

"बाबांना विचारून सांगतो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

बरेच दिवस काही निरोप आला नाही. मी लेख लिहायला घेतला तो पद्माच्या नावाची जागा कोरी सोडून. संपादकांचे फोन सुरू झाले. नाव न घालता छापावा, की छापूच नये, हे मला ठरवता येईना. सुमन म्हणाली, "खोटा निकाल एकदा लावलात. आता अर्धा नको."

शेवटी एका रविवारी श्रीनिवास स्वतःच घरी आला. चाळिशीचा, शांत माणूस. बसला, पाणी प्यायला.

"बाबांना ऐकवलं," तो म्हणाला. "त्यांना सगळं आठवतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, माझं नाव कुटं यायला नको."

"त्यांनी मनाई केली होती, हे मी लिहिलंय. नाव लिहिलेलं नाही."

"ते ऱ्हाऊ द्या. खरं हाय ते."

"आणि आईचं?"

"आईचं घाला की. पण गाण्याफुडं पद्मा नको. ते घरात हाक मारायचं नाव. दाखल्यावर पद्मावती हाय."

मी कागद पुढे ओढला. आपल्याकडे बाईचं पूर्ण नाव लिहायचं तर मधे नवऱ्याचं नाव येतं, शेवटी त्याच्या घरचं आडनाव. माझ्या सवयीचा हात पद्मावती लिहून पुढच्या शब्दासाठी थांबला. श्रीनिवास बघत होता.

"तेवढंच," तो म्हणाला. "फुडं काय नको."

तर नव्वदच्या दशकात सोलापूरच्या माणसांनी सर्वांत जास्त चिंचोके टाकलेली कॅसेट 'सुपातली गाणी'. गायिका नागमणी. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, पाळणा, गायिका पद्मावती.